मिळालं म्हणजे झालं नव्हे

‘सर्व यंत्रं एकमेकांशी सहज बोलतात’ असं माहितीपत्रकात छापणाऱ्या माणसाला एकदा तलासरीच्या बाजारात नेऊन उभं करायचं माझ्या मनात आहे. तिथे गुजराती बोलणारा व्यापारी, वारली बोलणारी भाजीवाली आणि मराठी झाडणारा कचेरीतला बाबू मिळून एका पपईचा सौदा हसतखेळत उरकतात. आमच्या धंद्यातल्या दीडशहाण्या यंत्रांना तेवढंही जमत नाही. ते जमवून देणाऱ्या दुभाष्यांची जी जमात आहे, तिच्यातला अव्वल गाढव मी.

डहाणूच्या एका चिकूवाडीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकींनी, मला बोलावलं. त्यांचा माल आजवर दिराच्या नावानेच बाहेर जायचा. या वेळी दिल्लीचा एक व्यापारी थेट त्यांच्याकडे गाडी पाठवायला तयार झाला होता. गाडी येईपर्यंत टणक चिकू थंड खोलीत थोपवून धरायचा, एवढंच काम. नरम पडला की दिल्ली विसरा.

“माझ्या नावाची पहिली गाडी आहे,” काकी म्हणाल्या. “गेली तर दिराचं तोंड बंद. नाही गेली तर माझं.”

दीर झोपाळ्यावरच होते. “वहिनी, झाडांना पण वायफाय लावून घ्या. चिकू आपापले उतरतील खाली.”

मी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिलं. ती तुच्छता मला पुढे फार महागात पडली.

यंत्रं तीन. तलासरीच्या पॅकिंग शेडमध्ये लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर, डहाणूच्या घरी विंडोजवाला, आणि वाडीतल्या थंड खोलीच्या भिंतीवर एक डबा, ज्याच्या पोटात त्याची स्वतःची इवलीशी सिस्टीम. प्रत्येकाचं सोवळं-ओवळं वेगळं. डब्याला मी बारा अंश सांगितले, तर त्याने परत कळवलं, तीन हजार बहात्तर. त्या तापमानाला चिकूच काय, चिकूवाडीचं लोखंडी फाटकही वितळलं असतं. कारण क्षुल्लक. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, इंग्रजीवाला नेमकं उलट. यंत्रंही तशीच, त्यांच्या पोटात आकड्याचे दोन तुकडे असतात, एक यंत्र ते डोक्याकडून वाचतं, दुसरं शेपटाकडून, आणि तुकड्यांची अदलाबदल झाली की बाराचे तीन हजार बहात्तर होतात. मी जाताना आकडा उलटा करून पाठवायला लागलो. येतानाचाही उलटायला हवा होता. पण म्हटलं, येणारा आकडा हवाय कशाला? आपण सांगितलं बारा, तर असणार बारा! पडद्यावर मी माझाच बारा दाखवला. आरशाला तब्येत विचारून डॉक्टरची फी वाचवावी, तसा प्रकार.

याहून थोर कर्तृत्व पुढे आहे. डबा निरोप घेतला की ‘मिळालं’ एवढंच म्हणायचा. तलासरीच्या शेडला पोचवताना मी त्याचं ‘झालं’ केलं. हिरवा दिवा, शेजारी बरोबरची खूण. सुंदर दिसत होतं.

खोली सुरू करायच्या दिवशी काकींनी नारळ फोडला आणि दाराला झेंडूचं तोरण हवं म्हणाल्या. दाराला खिळा ठोकला तर गारवा गळेल, हे मी त्यांना चांगलं पाच मिनिटं समजावून सांगितलं. मग माझ्याच बॅगेतली चिकटपट्टी काढून तोरण स्वतःच्या हाताने लावलं. शास्त्रशुद्ध. दार लागलंय की उघडं, हे ओळखणारं लोहचुंबक चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात होतं. झेंडूचा एक जाडजूड गोंडा बरोबर तिथे जाऊन बसला. दार रबरापर्यंत लागलं, पण डब्याच्या मते ते सताड उघडंच. आणि दार उघडं असताना गारवा सोडायचा नाही, ही त्याची शिस्त. तलासरीहून निरोप येत राहिले, बारावर आण, बारावर आण. डबा दर वेळी नम्रपणे म्हणत राहिला, मिळालं. मी त्याचं झालं करत राहिलो.

गाडी यायच्या आदल्या दिवशी काकी आत जाऊन आल्या. पदराने मान पुसत म्हणाल्या, “काय रे, तुझा टीव्ही बारा म्हणतो, मग मला आत घाम का फुटला?”

“काकी, तुम्ही उन्हातून आलात ना, म्हणून.”

त्यांनी माझ्या हातात एक चिकू ठेवला. माझा अंगठा सालीतून आत गेला.

काही पेट्या तरी जातील, मी म्हटलं. वरवर टणक दिसणारे निवडू. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निवडायला उचललेली पेटी खाली ठेवली. “माझ्या नावाने नरम माल दिल्लीला नाही जायचा.” दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि रिकामी नको म्हणून दिराचा माल भरून गेली. जाताना दिरांनी तोरणातलं एक फूल काढून माझ्या शर्टाच्या खिशात खोचलं.

पिकलेला माल चारोटीच्या नाक्यावर विकायला बसलो, काकी आणि मी. दारावरचा गोंडा आणि ‘मिळालं’चं मी केलेलं ‘झालं’, दोन्ही मी तोवर त्यांच्यापुढे कबूल केलं होतं. हायवेवर गाडी थांबवून एका बाईंनी विचारलं, “थंड आहेत का हो?”

“पडद्यावर आहेत,” मी म्हणालो.

काकी हसल्या नाहीत. तागडी बाजूला ठेवून त्यांनी तिथूनच दिल्लीला फोन लावला. तोडक्या हिंदीत झालं ते सगळं खरं खरं सांगितलं, इंजिनियर गाढव निघाला हेही, आणि पुढची गाडी मागितली. पलीकडून मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने उत्तर आलं, “हां हां, हां हां.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

“हे कुठलं रे? मिळालंवालं, की झालंवालं?”

मी चिकू तोलत राहिलो.