इंदूकाकूंची अळणी बिस्किटं

कुत्र्याचं बिस्किट इंदूकाकू आधी स्वतः खात. शेरूच्या समोर बसून, त्याला दाखवत, कुरुमकुरुम आवाज करत. "अळणी आहे बाप्पा, पण घशाखाली जाते," असा निकाल देऊन उरलेला तुकडा त्याच्या नाकाशी धरत.

इथे हिंदी मुलखात, अवधपुरी वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काका कारखान्यातून निवृत्त होऊन वारले, मुलगी वर्ध्याला. मी एकटा, माझ्याकडे शेरू. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्या तेव्हा डॉक्टरांनी मीठ, मांस, अंडी, दूध सगळं बंद केलं. मी हताश होऊन फाटकाशी उभा होतो. काकू म्हणाल्या, "एवढंच नं? मी करून देते. यांचं पथ्य मी आठ वर्षं केलं, हा तर बिचारा तक्रारही करत नाही."

तांदळाचं पीठ, उकडलेला लाल भोपळा. लहान लहान चकत्या थापून तव्यावर झाकण ठेवून मंद भाजायच्या. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. थापताना त्या हाताला शिव्या द्यायच्या, "चाल रे, मेल्या!"

पहिला डबा शेरूनं खाल्ला. दुसरा हुंगून सोडला; मी पुढे केलेल्या भाताचेही जेमतेम दोन घास घेई. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, मी त्यात पेरू घातले आणि वर म्हणालो, "सगळं फस्त केलं, काकू." त्यांचा चेहरा असा फुलला की पुढच्या वेळीही तेच म्हणालो. बिस्किटं भाजीच्या सालांखाली दडवून कचरागाडीत टाकू लागलो. त्यांचं मन राखत होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते तेवढंच नव्हतं. "खातोय" असं म्हटलं की क्षणभर मलाही तो खातोय असं वाटायचं.

तो उठेनासा झाला तेव्हा काकू माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "खाना कैसा है?" काकूच अभिमानानं म्हणाल्या, "रोज खाता है, हमारे हाथ का. डब्बा खाली करता है." डॉक्टरांनी शेरूची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "माताजी, इसके पेट में कई दिन से कुछ नहीं गया."

परतताना रिक्षात शेरूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. आनंद नगरपर्यंत त्या त्याचे कान कुरवाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो खाऊन नव्हता राहिला नं?"

"नाही."

"कधीपासून?"

"दुसऱ्या डब्यापासून."

"अरे, मग मला सांगायचं नं! भोपळा नाही तर रताळं घातलं असतं, पातळ केलं असतं, वास बदलला असता. मला खूश करून त्याचं पोट भरणार होतं का, प्रकाश?"

त्या संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात त्या उभ्या राहिल्या. भाताची पेज केली. "घेतली?" "तोंड फिरवलं." रताळं कुस्करून केलं. "आता?" "नाही, काकू." मी एकदाही खोटं बोललो नाही, उपयोग मात्र काही राहिला नव्हता. शेवटी सफरचंद उकळलेलं पाणी त्यांनी बोटावर घेतलं. त्यानं ते एकदा चाटलं. काकूंनी पुन्हा बोट बुडवलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेरू गेला. काकूंना महिनाभर आधी कळलं असतं तर तो किती जगला असता, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारण्याची हिंमत झाली नाही. काकूही आता या जगात नाहीत, म्हणून हे लिहू शकतो.

त्या दिवशी मागच्या अंगणात शेरूसाठी खड्डा खणून झाला होता. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "तुम्ही त्याच्यासाठी सगळं केलंत, काकू."

"सगळं कुठे केलं?" त्या म्हणाल्या. "तू करू दिलं का?"

मग खाली वाकून त्यांनी शेरूच्या कानावरून सरकलेला टॉवेल नीट केला.