सोन्याचे चार टाके

थोरली आणि धाकटी, एकाच घरातल्या जावा. नोकरीही एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाशी.

थोरली बावीस वर्षं तारा जोडत होती. केसाहून बारीक तार सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढ्या चिपवर टेकवायची, कमान करून पलीकडे चिकटवायची आणि तोडायची. याला ती ‘टाका’ म्हणे. मग चिप पिंपाएवढ्या थंड पेटीत जाई. तिथे असा काही गारठा, की चिपवरच्या पातळ पापुद्र्यातून वीज विनाअडथळा वाहे. एखादा किरण येऊन आपटला की त्याच्या एवढ्याशा उबेनेही पापुद्रा दचके, वीज अडखळे. त्या अडखळण्यावरून किरण ओळखायचा.

धाकटीला इथे थोरलीनेच आणलं. “माझी जाऊ, हात हलका आहे,” असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगून. हात खरोखरच हलका निघाला, हीच पंचाईत झाली! चार वर्षांत जो तो “धाकटीकडे द्या” म्हणू लागला. थोरली तोंडभर हसे आणि आतून धुमसे. तिच्यापाशी एकच हुकमी पान उरलं होतं. चिपच्या चार कोपऱ्यांतले शेवटचे टाके ती स्वतः घाली. “हे मी बघते, तू चहा घेऊन ये.” आराखड्यावर तिथे नुसतं ‘तार’ लिहिलेलं होतं. कुठली तार, ते थोरलीच्या पोटात.

मग किरण टिपणाऱ्या अडीचशे डोळ्यांची नवी चिप आली. असली दुसरी नव्हती. मॅडम म्हणाल्या, “हिचे सगळे टाके धाकटी घालील. तुम्ही जरा आराम करा.”

आराम! थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. पाच दिवस ती शेजारी बसून रिकाम्या पेट्या पुसत राहिली. सहाव्या दिवशी धाकटी म्हणाली, “जाऊबाई, एकदा नजर टाका ना.”

थोरलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. टाके कसे रांगेत, एकासारखा एक. अन् चारही कोपरे पांढरे! पिवळे हवे होते. धाकटीने तिथेही नेहमीची ॲल्युमिनियमचीच तार घातली होती. ही तार गारठ्यात वीज झकास नेते, पण ऊब न्यायची वेळ आली की अंग चोरते. चिपची ऊब बाहेर जायला ती चारच दारं, आणि तिथे सोनंच लागतं. वीज तपासणाऱ्या मीटरला यातलं काही कळत नाही.

“कसं झालंय?”

“छान,” थोरली म्हणाली.

पेटी बंद झाली. गार व्हायला दोन दिवस. ते दोन दिवस थोरली घरात गुणगुणत वावरली. मॅडम आपल्याकडे कशा धावत येतील, आपण आधी कसे आढेवेढे घेऊ, सगळं तिने मनात घोळवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पेटी गार आणि चिप गरम. अडीचशेतला एकही डोळा उघडेना.

“टाके चुकले असतील,” मॅडम म्हणाल्या.

“नाही मॅडम. जाऊबाईंनी बघितलेत. छान म्हणाल्या. त्यांची नजर चुकायची नाही. चिपच खराब असणार.”

मॅडमनी मान डोलावली. “त्या म्हणाल्या असतील तर प्रश्नच नाही. टाकून द्या चिप.”

थोरलीने हे काही मनात घोळवलं नव्हतं. तिच्या एका शब्दावर चांगली चिप कचऱ्यात निघाली होती, आणि तो शब्द खोटा होता.

“चिप चांगली आहे,” ती कशीबशी म्हणाली. “कोपऱ्यांत सोन्याची तार हवी.”

“हे आत्ता सुचलं?”

“नाही. तेव्हाच दिसलं होतं.”

मॅडम आराखडा तिच्यापुढे सरकवून म्हणाल्या, “लिहा इथे. सगळ्यांना वाचता येईल असं.” आणि निघून गेल्या.

थोरलीने चार ठिकाणी ‘सोन्याची तार’ लिहिलं. हुकमी पान गेलं.

“म्हणजे चार वर्षं मला चहाला पिटाळत होतात, ते याच्यासाठी?” धाकटीने विचारलं.

“याच्यासाठीच.”

“आणि कोपऱ्यांतलं सोनं बघून मी समजत होते, जाऊबाईंना सोन्याची हौस!”

थोरलीला हसू फुटलं. धाकटी मात्र हसली नाही.

गारठा उतरून पेटी उघडेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. थोरलीने धाकटीला तार टेकवायच्या सुईसमोर बसवलं. “सोन्याला आधी ऊब द्यायची. चिपखालची तबकडी तापव. बेताने. आता टेकव, दाबू नकोस.”

धाकटीने टाका घातला. थोरलीने वाकून पाहिलं. कमान इतकी देखणी, की बावीस वर्षांत तिला स्वतःला तशी एकदाही जमली नव्हती. हेव्याची तीच जुनी कळ उठली, तितक्याच जोराने. तिने ती येऊ दिली, चिप हलकेच फिरवली आणि म्हणाली, “हं, आता पुढचा कोपरा घे.”