हौदाच्या भिंतीवरचा फेस

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. भोपाळहून येणाऱ्या प्रत्येक कागदाकडे आम्ही सौसरची माणसं संशयानं पाहत होतो, आणि बदलून आलेल्या माणसांकडे तर त्याहून जास्त. असाच एक हिंदी बोलणारा कारकून आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आला. बायको जेमतेम विशीची, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. विहिरीला लागून पिण्याच्या पाण्याचा हौद होता, तो आमचा सामाईक. घरमालकिणीचा नियम एकच, हौदापाशी साबण लावायचा नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायचे. शिस्तीची होते, आणि खरं सांगते, जिभेची तिखट.

एका सकाळी हौदाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, पांढरा फेस चिकटलेला दिसला. डोकंच भडकलं माझं. लेकराची दुपटी धुणारी दुसरी आहे कोण इथं? तरीच पहाटे उठून गुपचूप वावरते!

"काहून बाई, पिण्याच्या पाण्यापाशी साबण लावून राहिली काय तू?" मी अंगणातूनच ओरडले.

"हमने नहीं किया, बहनजी."

"मंग काय भुतानं केलं?"

त्या दिवसापासून मी तिला ना हौदाला हात लावू दिला, ना विहिरीला. घरमालकीण रामाकोन्याला शेतावर गेली होती. ती येईपर्यंत फेस पुरावा म्हणून तसाच ठेवला. शेजारीण लेकराला कडेवर घेऊन चिखलातून नाल्यावर जायची, गढूळ पाण्यात तुरटी फिरवून तेच त्याला पाजायची. मला सगळं दिसत होतं. मनात म्हणायचे, नाटकं करते मेली. चार दिवस झाले तरी फेस विरेना, तेव्हा तर खात्रीच पटली की डोळा चुकवून रोज नवा लावते. दोन दिवस पहाटे दाराच्या फटीतून पाळत ठेवली. कोणी आलं नाही, तर वाटलं, बाप्पा, किती बेरकी आहे!

घरमालकीण परतली तशी मी तिला हाताला धरून हौदापाशी नेलं. ती वाकली आणि हसतच सुटली.

"अवं मास्तरीणबाई, साबण नाही होय हा. झाडावरच्या बेंडकीनं अंडे घातले. आमच्या संत्र्याच्या बागेतल्या टाक्याले दर पावसाळ्यात चिकटवते."

ती बोलत होती तोच फेसाचा खालचा भाग ओलसर होऊन सुटला आणि त्यातून वळवळते बेडूकमासे टपटप पाण्यात पडले.

मी गारच झाले. बेडूक पाण्यात अंडी घालतो, हे मीच फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. तसं तिला बोलूनही दाखवलं.

"ते डबऱ्यातल्या बेंडकाचं," घरमालकीण म्हणाली. "मोठा पिवळा बेंडूक पाण्यावर साबुदाण्यावानी अंडे पसरवते. खरबरीत अंगाचा असते ना, तो काळ्या मण्याची माळ सोडते. अन् ही पाण्याच्या वरच मागच्या पायानं फेस फेटते. पिल्लं तयार झाले का खाली पडते."

हिला सगळं ठाऊक, आणि मला पुस्तकातला एकच बेडूक! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच शेजारणीच्या दारात गेले, हात जोडले, मोडक्यातोडक्या हिंदीत माफी मागितली. ती रागावली नाही. "कोई बात नहीं," म्हणाली. मला केवढं हायसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी ती घागर घेऊन हौदापाशी आली. पण पाण्याला हात लावला नाही. आधी माझ्या दाराकडे वळून आवाज दिला, "बहनजी, आइए. देख लीजिए."

"अगं, भर ना! मला कशाला बोलावते?"

ती हलली नाही. मी येऊन समोर उभी राहिले, तेव्हाच तिनं घागर बुडवली. त्यांची बदली होईपर्यंत रोज सकाळी तिनं मला असंच बोलावलं, आणि रोज मी जाऊन उभी राहिले.