शाळेच्या अंगणातली गाडीवाट

घोडेगावच्या बाजाराला जाणारा रस्ता सोडून दोन कोस आत गेलं की एक गाव लागतं. लढाईच्या दिवसांत मी तिथं लोकल बोर्डाच्या शाळेत पहिली-दुसरीचा मास्तर होतो. गावाला मी आवडत नव्हतो, आणि मलाही गाव आवडत नव्हतं. नगरात आमच्या घरी पिढीजात कारकुनी आणि मास्तरकी. मातीत हात घातलेला एकही माणूस आमच्याकडे नव्हता. आणि मी मात्र ट्रेनिंगमधून शिकून आलो होतो की मुलांनी घोकून नव्हे, हातानं करून शिकायचं. हे मी चावडीवर सांगायला लागलो की लोक माझ्या धुवट धोतराकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे.

शाळेत आम्ही दोघेच. तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. त्यांचा भरवसा छडीवर आणि पाढ्यांवर. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. माझ्या मुलांचा कालवा पलीकडे गेला की पडद्याआडून आवाज यायचा, "अहो, आज काय शिजतंय तुमच्याकडे? चिखल का शेण?" मग त्यांची सगळी मुलं हसायची. मी मुलांचं काम तसंच चालू ठेवायचो. पण एक दिवस असं काही करून दाखवीन की हा माणूस गप्प बसेल, असं मी रोज मनाशी म्हणायचो. ही ईर्ष्या आधी सांगितली पाहिजे, कारण पुढे जे झालं ते तिच्यापायी झालं.

त्या वर्षी कागद मिळत नव्हता. पाटीवरच्या पेन्सिली मुलं नखाएवढ्या होईपर्यंत वापरायची. माती मात्र हवी तेवढी होती. सुगी संपल्यावर मी ठरवलं की शाळेच्या मागच्या अंगणात मुलांकडून सगळं गाव मातीत करून घ्यायचं. ओढ्याकाठची काळी माती आणली, खडे वेचले, भुसकट आणि शेण घालून मुलांनी ती पायांनी तुडवली. आधी मी त्यांना गावातून आणि शिवारातून फिरवून आणलं. मग एकच नियम घालून दिला: पायांना जे ठाऊक आहे तेच हातांनी करायचं, ऐकीव काही करायचं नाही.

पंधरवडाभर मुलं अंगणातून उठत नव्हती. ज्वारीच्या धांड्यांची घरं झाली, लिंबाच्या डहाळ्या रोवून झाडं झाली, फुटक्या निळ्या काचा घालून विहिरी झाल्या. रस्ते राखेनं काढायचे. ज्याचं शेत त्यानं आपलं शेत करायचं. एका पोरानं चावडी केली आणि तिच्यात मातीचा एक माणूस आडवा निजवला. कोण रे हा, विचारलं तर म्हणाला, "पाटील."

पहिलीत एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. गावातल्या मोजक्या शिकणाऱ्या मुलींतली. बोलायची कमी, पण तिच्या बोटांत नजर होती. बाभळीचं झाड करताना तिनं एका बाजूचा शेंडा वाकडा केला होता. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिलं, तर ते झाड खरोखर तसंच होतं. तिनं आपलं शेत केलं, आणि त्याच्या मधोमध राखेची एक पट्टी ओढून पलीकडच्या विहिरीपर्यंत नेली. मग दोन बोटं जोडीनं टेकवून ती पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. दोन चाकोऱ्या उमटल्या.

मी विचारलं, "हे काय गं?"

"गाडीवाट. हितनं काकाची गाडी जाती. मी बसून गेल्ते."

"पण परवा आपण गेलो तेव्हा तर तिथं काटे होते."

ती जरा विचारात पडली. "काटे बी लावू?" म्हणाली, आणि उठून बाभळीचे दोन काटे आणून वाटेच्या तोंडाशी आडवे ठेवले.

त्या शेताचं प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मुलीचा बाप, ज्याला ती दादा म्हणायची, आणि तिचा काका हे चुलतभाऊ. बापाचं शेत रस्त्याला लागून, काकाचं शेत आणि विहीर त्याच्या मागं. काकाची गाडी वर्षानुवर्षं बापाच्या शेतातून जायची. दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि पावसाच्या तोंडी बापानं वाट नांगरून टाकली, तोंडावर काट्यांची फेसाटी ओढली. काकाची ज्वारी खळ्यातच अडकली होती. एकेक पोतं डोक्यावर घेऊन ओढ्याच्या दगडांतून काढावं लागत होतं. त्यानं मामलेदाराकडे अर्ज केला होता. बापाचं म्हणणं एकच, तिथं गाडीवाट कधी नव्हतीच, पायवाट होती आणि तीसुद्धा पड जमिनीतून. नांगरलेल्या रानात आता काही दिसत नव्हतं. गावातला कुणी साक्षीला उभा राहत नव्हता, कारण दोघांच्याही घरची माणसं तापट.

ही वाट आता माझ्या शाळेच्या अंगणात होती, आणि ती बापाच्या मुलीनंच काढली होती.

बातमी दुसऱ्या दिवशी फुटली. पोरांनीच घरी सांगितली असणार. सकाळी शाळा भरायच्या आत काका हजर. बरोबर एक नारळ आणि दोन गोणपाटं. चाकोऱ्यांजवळ तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"गुरुजी, ह्यो कागद हाय. मामलेदार येस्तवर ह्याला धक्का लागता कामा न्हाई. झाकून ठिवतो. रातीला माझा गडी हितं झोपंल."

"अहो, ही मुलांची माती आहे," मी म्हणालो.

"मंग? मोजणीदार बी मातीच मोजतो."

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटलं. माझ्या चिखलाला प्रथमच कुणीतरी कागद म्हणालं होतं.

दुपारी मुलीचा बाप आला. उंच, काळा, बोलायला सावकाश. वर्गात न येता तो थेट मागच्या अंगणात गेला, गोणपाट पायानं सारून त्यानं ती वाट पाहिली, मग मला हाक मारली. मुलं दारात गोळा झाली. ती मुलगीही होती.

"पुसा हे."

"मी मुलांचं काम मोडत नाही."

"मंग तिला पुसाय सांगा. तिनं केलंय, ती पुसंल."

"तिनं चुकीचं काही केलेलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, सरळ सांगतो. मामलेदार सोमवारी येनार हाय. त्याच्या आत हे पुसलं तर पोरगी चौथीपत्तुर शिकंल, माझा शबुद हाय. न्हाई पुसलं तर पोरगी परत शाळंत दिसायची न्हाई. वाट माझ्या रानातली हाय, पोरगी माझ्या घरातली हाय. तुमचं ह्यात काय हाय, ते बगा."

तो गेल्यावर हेडमास्तर पडद्याआडून बाहेर आले. पहिल्यांदाच ते थट्टेच्या सुरात बोलले नाहीत.

"रात्री एक घागर पाणी ओता. गडी झोपतो त्याला मी चहाला बोलावतो. सकाळी म्हणू, कुत्र्यांनी उकरलं, घागर लवंडली, काहीतरी झालं. मुलगी राहील शाळेत."

"आणि वाट?"

"वाट मामलेदार बघेल. त्याचा पगार आहे त्याला."

"मी मुलांना सांगितलंय, पायांना ठाऊक आहे तेच करायचं. आता ते मीच पुसू?"

"अहो, तुम्हाला वाटेचं काही पडलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला तुमचा चिखल साहेबाला दाखवायचाय."

मी त्यांच्यावर भडकलो. इतका, की पुढे महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. माणूस ज्या बोलण्यावर फार भडकतो ते बोलणं बहुधा नेमकं असतं, हे कळायला मला बराच काळ गेला. पाणी ओतायला मला दोन रात्री होत्या. दोन्ही रात्री मी न्यायाचा विचार करत झोपलो. डोक्यावर पोती वाहणाऱ्या काकाचाही विचार केला. मुलीचा विचार आला की म्हणायचो, बाप बोलतो तसं करणार नाही, रागाचं बोलणं आहे.

सोमवारी मामलेदार घोड्यावरून आले. रान पाहिलं. नांगरटीत दिसणार काय? मग रिवाजाप्रमाणे शाळेला भेट. मागून निम्मं गाव. एका बाजूला काका आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला बाप, एकटाच. काकानं स्वतः गोणपाट उचललं.

मामलेदार मातीचं गाव पाहून खूष झाले. चावडीतल्या झोपलेल्या पाटलाला पाहून हसले. पाटील हसले नाहीत. मग साहेबांची काठी त्या दोन चाकोऱ्यांवर आली.

"हे कुणी केलं?"

मी मुलीला पुढं केलं. माझा हात तिच्या खांद्यावर होता. तिचा खांदा ताठ झालेला मला कळला, आणि तरी मी हात काढला नाही.

"काय आहे गं हे, बाळ?"

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी म्हणू शकलो असतो, साहेब, लहान आहे, खेळतात मुलं. तेवढ्यानं भागलं असतं. वाटेचं काही ना काही दुसऱ्या मार्गानंही झालं असतं.

मी म्हणालो, "सांग बाळ. खरं असेल ते सांग. भिऊ नकोस."

"गाडीवाट," ती म्हणाली.

"गाडी जायची इथनं? तू पाहिलीस?"

"मी बसून गेल्ते."

"आणि हे काटे?"

"आमच्या दादांनी लावल्यात."

मागं कुणीतरी हसलं. काकाच्या बाजूचाच होता. दुसरा म्हणाला, "घरचाच साक्षीदार हाय की, रावसाहेब." साहेबांनी त्याला गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं. मला त्यांनी शाबासकी दिली. "मास्तर, शिक्षण असं पाहिजे." हेडमास्तर ऐकत होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं.

वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. साहेबांनी पुढं आणखी दोघांचे जबाब घेतले. मुलगी बोलल्यावर लोकांना धीर आला होता. काट्यांची फेसाटी बापानंच ओढून बाजूला केली, आणि काकाच्या गाड्या भरून बाहेर पडल्या. पहिली गाडी काकानं मुद्दाम शाळेवरून नेली. "गुरुजी, तुमचे उपकार हायेत," असं तो सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला. मुलीचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही.

मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

मला दूध घालणाऱ्या बाईनं दूध बंद केलं. ती बापाच्या भावकीतली. न्हाव्यानं दोनदा परत पाठवलं. ते मी सोसलं, मला त्यात एक प्रकारचा मान वाटत होता. टोचलं ते वर्गात. मी मुलांना म्हणालो, आज आपापल्या घराचं अंगण करू. एकानंही मातीला हात लावला नाही. शेवटी चावडी करणारा तो पोरगा म्हणाला, "गुर्जी, घरी इचारून येऊ का?" पाटलांनी त्याच्या बापाला बोलावून घेतलं होतं म्हणे.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेलो. बाप ओट्यावर दोर वळत बसला होता. ये-बस म्हणाला नाही. मुलगी आत चुलीपुढं होती. तिची आई दाराआडून बोलली.

"गुरुजी, तुमी आता कशाला आलात? घरात तिच्याशी कुनी बोलत न्हाई. आजी तिच्या हातचं पानी घेत न्हाई. म्हंती, बापाला साहेबापुढं उघडा पाडला. सा वर्साची हाय ती."

"मी चुकलो," मी म्हणालो. "मुलीचा काही दोष नाही. मी साहेबांना लिहून देतो, की मीच तिला तसं करायला सांगितलं होतं. पण तिला शाळेत पाठवा."

बापानं दोर खाली ठेवला.

"म्हंजे आता खोटं लिवनार? मी सांगितलं तवा तेवडं पुसाय झालं न्हाई तुमाला. आता वाट गेली, आबरू गेली, आन आता तुमी खोटं लिवनार."

मी आत बघून हाक मारली. "बाळ, उद्या येतेस?"

ती उठून दारात आली. हात पिठानं भरलेले. तिनं बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कुडाच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला न्हाई यायाचं."

"कुणी सांगितलं म्हणून म्हणतेस का?"

"न्हाई. मला न्हाई यायाचं."

बाप हसला नाही, की आनंदलाही नाही. दोर उचलून पुन्हा वळायला लागला. "ऐकलं न्हवं?" तो म्हणाला. "पोरगी खोटं बोलत न्हाई. जावा आता."

मी ओट्यावरून उतरलो. जाताना आईला काहीतरी म्हणालो असेन, आठवत नाही. दार माझ्या पाठीमागं लगेच लागलं.