मागचं दार

औषधाच्या दुकानात उभ्यानं जन्म काढलेल्या काकांनी साठीला टेकल्यावर दोनच सीटांची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली, तेव्हा गल्लीनं तोंडात बोटं घातली. "दादाला म्हातारचळ लागलाय," धाकटा भाऊ तोंडावरच म्हणाला. काका नुसते हसले. त्यांना धाकधूक एकाच गोष्टीची होती. ज्यांच्यासाठी गाडी घेतली, त्या काकू काय म्हणतील?

काकू पर्स घेऊन आल्या आणि सवयीनं सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. एक फेरी घातली, मग उलटी घातली.

"अहो, मागचं दार कुठंय?"

"नाहीये."

"मग मी बसू कुठं?"

जुन्या गाडीत पुढची जागा काकांच्या आईची होती, कारण तिचे गुडघे दुखायचे. आई गेल्यावर तिथं ताडमाड वाढलेला मुलगा बसू लागला. काकू कायम मागं, भांडणाऱ्या लेकरांच्या मधोमध, मांडीवर डब्यांची पिशवी. त्या हसल्या तरी काकांना आरशात फक्त कपाळ दिसायचं.

त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. काकू अंदाज घेत बसल्या.

"जमिनीवरच बसवलंत की," त्या पुटपुटल्या. मग रिकाम्या मांडीकडे बघत म्हणाल्या, "पिशवी नाही, तर हातांना काही सुचत नाहीये."

निघताना काकांनी सवयीनं वरच्या आरशात पाहिलं. तिथं नुसता रस्ता होता.

"अहो, इकडे," शेजारून काकू म्हणाल्या, "मी इथं आहे."