मंडपाचा कोपरा

"दमले हो मी," असं म्हणत बाई खुर्चीत बसायच्या आणि बसल्या बसल्याच पुढचं काम सांगायच्या. पहिल्या वर्षी मी फसलो. दमल्या म्हणताहेत म्हणून चहा सांगायला गेलो, तर परत येईपर्यंत बाई वर्गातलं कपाट एकट्याच ढकलून भिंतीला लावत होत्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या दमण्यावर किती विश्वास ठेवायचा हे लवकर कळत नाही.

आमची शाळा कोपरीत, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या तीन खोल्यांत होती. तेव्हा पाटीवर सरळ मतिमंदांची शाळा असंच लिहिलेलं असायचं. बाई डोंबिवलीहून यायच्या, मी चित्रकलेचा मास्तर. खोल्या गळायच्या, मुलं चावायची, पालक दारात उभे राहून रडायचे. संध्याकाळी आम्ही सगळे पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखे दिसायचो. मुलं एक अक्षर शिकायला वर्ष घ्यायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत विसरून यायची. जूनमध्ये बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा कुठल्याशा ऑफिसने आम्हाला जुना कॉम्प्युटर दिला. संचालकांनी त्याला हार घातला आणि प्लॅस्टिकचं कव्हर चढवून ठेवून दिला. महिन्याभरात बाईंनी ते कव्हर काढलं. त्यांच्या डोक्यात गोष्टी होत्या. मी माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, डीटीपीवाल्याकडे स्कॅन करून फ्लॉपीवर आणायचे, आणि प्रत्येक फोटोला बाई माइकवर एकेक वाक्य बोलायच्या. मुलाने बटण दाबलं की पुढचा फोटो. राजाराणीला त्यात जागा नव्हती. "ह्यांना राजाशी काय करायचंय? ह्यांना चड्डीची नाडी बांधायचीय," असं त्या म्हणायच्या. नाडीची गोष्ट केली. एक मुलगा ती दिवसभर बघायचा आणि नाडी मात्र आमच्याकडूनच बांधून घ्यायचा. बाई हसायच्या, दमले म्हणायच्या आणि पुढच्या गोष्टीला लागायच्या.

रंजू आमच्याकडे होती ती कोळीवाड्यातली. वय अकरा, बोलणं चार-पाच शब्दांचं. तिची आई बाजारात मासे विकायची. इतके दिवस आजी रंजूला शाळेत आणून सोडायची, ती आजी गेली. आईने शाळेत येऊन एकदाच सांगितलं, "बाय, मी म्हावरा इकू का हिला सोरू? एकली येल तं येल, नाय तं घरान बसंल." तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे आम्ही तिघंही जाणून होतो. दिवाळीपर्यंत शेजारीण आणून सोडेल, एवढं ठरलं.

बाईंनी रंजूसाठी घर ते शाळा अशी गोष्ट करायला घेतली. रस्ता तसा दहा मिनिटांचा, वळण एकच. गणपतीच्या सुट्टीत मी फोटो काढले. घराचं दार, पिठाची गिरणी, मग वळणावरचा मंडप, मग शाळा. मंडपाचा फोटो झकास आला होता. मूर्तीसकट, रोषणाईसकट. बाई म्हणाल्या, हे ती जन्मात विसरणार नाही. आणि त्यांनी माइकवर वाक्य भरलं: "गणपतीबाप्पा दिसला की ह्या हाताला वळायचं." त्या हातात रंजूला हिरवी बांगडी घातली होती.

तुम्हाला चूक आता दिसत असेल. आम्हाला दोन महिने दिसली नाही. त्याचं कारण असं की त्या वळणाला सगळी कोपरी बारा महिने मंडपाचा कोपरा असंच म्हणते. रिक्षावाल्याला भर उन्हाळ्यात मंडपाच्या कोपऱ्यावर सोड म्हटलं तर तो बरोबर सोडतो. विसर्जन झालं, बांबू निघाले, पण आमच्या डोक्यातला मंडप उभाच होता. रंजू रोज गोष्ट बघत होती आणि मंडप आला की हात वर करून बांगडी दाखवत होती.

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा एकटी निघाली. बाई गेटाशी उभ्या होत्या. प्रार्थना झाली, रंजू आली नाही. आम्ही धावलो. बाई खाडीकडे गेल्या, मी स्टेशनकडे. खाडीकडे जाताना बाईंचा चेहरा मी पाहिला होता, तो सांगत नाही.

ती दुपारी सापडली. मंडप न दिसल्यामुळे ती सरळ चालत राहिली होती, पार स्टेशनजवळ. तिथे एका शिंप्याच्या दुकानात गणपतीचं कॅलेंडर होतं. ते दिसल्यावर ती बांगडीच्या हाताला वळली होती आणि गल्लीतल्या पहिल्या पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन, शाळा सुरू व्हायची वाट बघत बसली होती.

बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "पोरगी बरोबर आली हो. आपला पाठ चुकला."

संचालकांनी कॉम्प्युटरवर पुन्हा कव्हर चढवलं. रंजूच्या आईने तिला घरी ठेवलं. बाई आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत बाजारात जाऊन तिच्या टोपलीशेजारी बसायच्या. विनवण्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की सरकून जागा द्यायच्या. सोवळ्या घरातल्या बाई, संध्याकाळी डोंबिवलीला साडीला वास घेऊन जायच्या. शेवटी आई कंटाळली आणि तिने शिमग्यापर्यंतची मुदत दिली, तोवर पुन्हा शेजारीण रंजूला आणून सोडणार होती.

बाईंनी कव्हर परत काढलं आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर उतरलो. आता बाई कशावरच भरवसा ठेवायला तयार नव्हत्या. गिरणी घेऊ? मालक विकेल. झाड? म्युनिसिपालटी तोडेल. भिंतीवरची जाहिरात तर लांबच. मी वैतागलो. सकाळभर हिंडून फक्त चार गोष्टी टिकल्या, वळणावरचा लोखंडी खांब, गटारावरची मोठी फरशी, देवळाची पायरी आणि आमचं गेट. आवाजही त्यांनी आपला दिला नाही. रंजूच्या आईला शाळेत आणून तिच्या बोलीत वाक्यं भरून घेतली.

गेटाचा फोटो काढताना मी म्हणालो, "बाई, तुम्ही उभ्या राहा. रोज सकाळी इथेच असता की. तुम्हाला बघून तिला बरं वाटेल."

"मला नका घेऊ," बाई म्हणाल्या. "मी काय कायमची आहे?"

मला वाटलं, दमल्या आहेत. त्या बाजूला झाल्या आणि मी रिकामं गेट काढलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी गेटाशी उभं राहणंही बंद केलं. आतल्या खोलीत खिडकीआड बसायच्या, रंजूला दिसणार नाहीत अशा. शिमग्याच्या आठ दिवस आधी रंजू एकटी आली. बाई खिडकीतून उठल्या नाहीत. नुसता माझा दंड घट्ट धरून ठेवला.

मे महिन्यात बाईंना दवाखान्यात नेलं आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. पोटाचं दुखणं वर्षभराचं होतं, असं त्यांच्या बहिणीकडून कळलं. शोकसभेसाठी संचालकांनी माझ्याकडे फोटो मागितला. दोन रोल मी त्यांच्यासोबत हिंडून संपवले होते. त्यात बाई एकाही फोटोत नव्हत्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी गेटाशी मी उभा राहिलो. सुट्टीत मुलं सगळं विसरतात, रंजूही विसरली असेल अशी माझी खात्री होती. ती वेळेवर आली. खांबाशी वळली, फरशी ओलांडली, पायरी बघितली, गेटातून आत गेली. दप्तर खुंटीला अडकवून आपल्या जागी बसली. मी तिच्याकडे बघत होतो. तिने इकडेतिकडे बघावं, बाईंना शोधावं, निदान त्या खुर्चीकडे एकदा बघावं, असं मला फार वाटत होतं.

तिने बघितलं नाही. डबा बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला आणि शाळा सुरू व्हायची वाट बघू लागली.