दाजी ठणठणीत, असं मीच लिहिलं

आजाऱ्याच्या तोंडावर 'तब्येत खराब दिसते' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. अभद्र बोलू नये. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी 'उद्या उठून शेतात जाताल' असंच म्हणायचं. यात मी तरबेज. त्यात लातुरात आयुष्यभर मास्तरकी केलेली, म्हणजे न विचारता बोलायचीही खोड.

माझे दाजी, म्हणजे नांदेडच्या थोरल्या अक्काचे मालक, मोर्चे काढायचे, भाषणं करायचे. सरकारला ते खुपलं. दोन वर्षं झाली, खटला उभा नाही आन् दाजी तुरुंगात. साखरेचा आजार, त्यात किडन्या थकलेल्या. वकिलानं तब्येतीच्या कारणावर जामीन मागितला होता. अक्काला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून भेटीला मी गेलो.

काचेपलीकडे दाजी भिंत धरत आले. फोन उचलायला त्यांना दोन्ही हात लागले. आन् माझ्या तोंडातून काय निघावं? "वा दाजी, तब्येत लई झकास हाय की!"

"हाव," दाजी म्हणाले.

एवढ्यावर थांबला तर तो मास्तर कसला! बाहेर आलो आन् फेसबुकवर ठोकून दिलं: 'दाजी ठणठणीत! तुरुंग हरला!' लोकांनी धडाधड अंगठे दिले. मी एकेकाचे आभार मानत बसलो.

तारखेला सरकारी वकिलानं तेच छापून कोर्टापुढं ठेवलं. सख्खा मेव्हणाच ठणठणीत म्हणतो, मग जामीन कशाला? आमचा वकील मला म्हणाला, "सर, आपल्याला दुश्मनाची गरजच न्हाई." कसंबसं त्यानं पुढची तारीख मिळवली आन् बजावलं, डोळ्यांनी पाहिलं ते आता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या.

पुन्हा भेटीला गेलो. दाजींना चाकाच्या खुर्चीत आणलं. दाढी घोटलेली, केसांना तेल, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. माझ्यासाठी नटून आले होते बिचारे. मी माझा सगळा गाढवपणा कबूल केला. ते ऐकत राहिले.

"मग आज कसा दिसून राहिलो?"

ओठांवर आलेलं गिळलं. "लई खराब दिसता, दाजी. मला भ्या वाटतंय."

दाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिही मग," ते म्हणाले. "निजलं की श्वास कोंडतो. डाव्या पायाला काहीच समजत न्हाई. आन् भ्या मलाबी लई वाटतं रे."